परदेशी भांडी घासण्याचे फायदे

नागपूरकर परदेशात दोनच कारणांनी जातो, अशी आमच्या प्रतापनगरात अलीकडेपर्यंत समजूत होती. एक, पोरगं एमएस करायला अमेरिकेत जातं आणि तिथेच राहतं. दोन, त्या पोराला बाळ झालं की आईवडील सहा महिन्यांसाठी जातात, दुपटी धुतात, डिशवॉशरमध्ये भांडी लावायला शिकतात आणि परत आल्यावर फक्त नायगऱ्याचे फोटो दाखवतात. नीट पाहिलं तर पगार नाही, तिकीट पदरचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भाषा कळत नाही. म्हणजे ही शुद्ध स्वयंसेवाच. पण तिचं सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून तिला कोणी मोजत नाही.

तिसरं कारण माझ्या भाचीने शोधून काढलं. स्वतःच्या खिशातले, म्हणजे भाऊजींच्या खिशातले, पैसे भरून व्हिएतनामला जायचं, निरनिराळ्या देशांतल्या तरुण पोरांसोबत एका घरात राहायचं आणि तिथल्या शाळेतल्या मुलांना सुट्टीभर इंग्रजी शिकवायचं.

भाऊजी महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे पैसे आपण द्यायचे?"

"हो बाबा."

"आणि कामही आपणच करायचं?"

"हो."

"मग ते काय देणार?"

"एक्स्पोजर."

भाऊजींनी आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले, पण 'एक्स्पोजर' या शीर्षाखाली पडलेला खर्च त्यांना कुठल्याच फायलीत आढळला नव्हता. आमच्या आईचा आक्षेप वेगळा होता. "तिथल्या पोरांना इंग्रजी येत नाही का?" तिने नातीला विचारलं. "नाही ना आजी." "आणि तुला येतं?" यावर घरातल्या कोणालाच पटकन बोलता आलं नाही.

बातमी चौकातल्या पानठेल्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ठेलेवाल्याने चुना लावता लावता विचारलं, "मामाजी, तुमची भाची फारेनले जाऊन रायली म्हन्ते, पोट्ट्याइले शिकवाले? मंग आमच्या पोट्ट्याले काऊन नाही शिकवत? आमी तं इथंच राह्यतो." प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, "तुमच्याकडे यायला व्हिसा लागत नाही ना, त्यामुळे अर्ज कुठे करायचा ते कळत नाही." त्याने पान हातात दिलं, पण सुपारी जरा जास्तच टाकली होती.

अर्जात एक प्रश्न होता: भिन्न पार्श्वभूमीच्या लोकांसोबत राहण्याचा अनुभव आहे का? भाची पेन चावत बसली. आमच्या अपार्टमेंटमधली सगळ्यात मोठी विविधता म्हणजे तळमजल्यावर पुण्याहून बदलून आलेलं एक कुटुंब. त्यांचे आणि आमचे संबंध उत्तम आहेत, कारण पोह्यांवर तर्री घालावी की नाही हा विषय आम्ही कधी निघूच दिलेला नाही. शेवटी तिने राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर लिहिलं.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एकदा सात दिवसांचं शिबिर, असा तिचा शिरस्ता. भाचीच्या कॉलेजने दत्तक घेतलेलं गाव नागपूरपासून तासाभरावर. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर ते गाव सेवा करून घेण्यात पुरतं तरबेज झालेलं आहे. शिबिराच्या तारखा ठरल्या की सरपंच भाषणाचा जुना कागद काढतात. एक म्हातारबाबा फावडी-घमेली मोजून देतात आणि शोषखड्डा कुठे खणायचा ते दाखवतात. जागा बहुधा गेल्या वर्षीचीच असते. मधल्या काळात तो खड्डा बुजलेला असतो, म्हणून खणायला सोपा जातो. पोरांच्या हाताला फोड आले की म्हातारबाबाच हळद लावतात. संध्याकाळी 'व्यसनमुक्ती' या विषयावर पथनाट्य होतं, ते पाहताना पहिल्या रांगेत बसलेली मंडळी तंबाखू मळत मान डोलावतात.

मला त्या शिबिरातली एकच गोष्ट खटकायची. पोरांचं जेवण वेगळं शिजायचं. कॉलेजने ठरवलेला आचारी, शाळेचा व्हरांडा, पंगत आपली आपली. गावातली पोरं फाटकाबाहेरून बघायची. आठवडाभर गावासाठी राबून गावाच्या हातचा घास न खाता बस परत यायची.

असो. भाऊजींचं मन वळेना, तेव्हा मी इतिहास काढला. म्हटलं, नागपूरला हे नवीन नाही. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला डॉक्टर हवे होते. सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहिलं. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. देशभरातून वर्गणी जमली आणि १ सप्टेंबरला मुंबईहून पाच डॉक्टर बोटीत बसले. अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर. अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. चोळकर पाचांत वडील, पन्नाशी उलटलेले. आजच्या 'यूथ टीम'चा फॉर्म भरला असता तर वयाच्या रकान्यातच बाद झाले असते. ही मंडळी येनानला पोचली तेव्हा राहायला डोंगरात कोरलेल्या गुहा होत्या आणि तिकडचं रोजचं धान्य राळं. सावजीच्या गावचा माणूस राळ्याच्या पेजेवर! प्रत्येकाला एकेक चिनी नावसुद्धा मिळालं.

भाऊजी ऐकत होते. मला जोर आला. म्हटलं, कोटणिसांचं तर काय सांगावं, चिनी भाषा इतकी शिकले की चिनीतून वैद्यकी शिकवू लागले, आणि तिथल्याच क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी...

"लग्न केलं?" ताई स्वयंपाकघरातून लाटण्यासकट बाहेर आली.

एका महायुद्धाच्या इतिहासातून तिने तेवढाच मजकूर उचलला. नाही म्हणता येईना, कारण शांतारामबापूंनी १९४६ साली त्यावर सिनेमाच काढून ठेवलाय. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हे सांगायची तर सोयच उरली नाही. चोळकर १९३९ सालीच परतले. त्यांचं नाव नागपुरात शंभर जणांना विचारा, नव्व्याण्णव जण 'कोणत्या गल्लीत राहतात?' असं विचारतील. जो परत येतो त्याच्यावर सिनेमा निघत नाही. मी ताईला वचन दिलं, "आपल्याला चोळकर करायचंय, कोटणीस नाही." तेव्हा कुठे तिने लाटणं खाली ठेवलं.

त्यानंतर बॅग भरली गेली, म्हणजे ताईने भरली. लक्ष्मीनारायण चिवडा, संत्रा बर्फी, सांडगी मिरची, लिंबाचं लोणचं, मेतकूट आणि हिंगाची डबी. कपड्यांना जागा उरली तेवढी उरली. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा भाचीने दोन ड्रेस काढून दिले. हिंग काढायला ताईने ठाम नकार दिला. पुढे हनोईत आठ देशांची एकी त्या डबीनेच टिकवली, त्यामुळे तो निर्णय द्रष्टेपणाचाच म्हणायला हवा.

पहिल्या व्हिडिओ कॉलला आम्ही सगळे एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. भाचीने ओळख करून दिली: इजिप्तचा मुलगा, ब्राझीलचा मुलगा, जर्मनीची मुलगी, इंडोनेशियाची, तैवानची, आणखीही काही. बाकी सगळ्यांनी देशाचं नाव सांगितलं होतं. आमच्या पोरीने 'नागपूर' सांगितलं. ते कुठे आहे म्हटल्यावर 'भारताच्या बरोब्बर मध्यभागी' असं सांगून तिने झिरो माइलच्या खांबाचा फोटो दाखवला. ब्राझीलच्या पोराने विचारलं, मध्यभागी राहून काय मिळतं? तिला सांगता येईना. खरं म्हणजे ऊन मिळतं.

कोणता देश कसा वागेल याचे भाऊजींनी आधीच आडाखे बांधले होते. जर्मन मुलगी वेळापत्रक करणार, ब्राझीलचा पोरगा ते बुडवणार. प्रत्यक्षात वेळापत्रक ब्राझीलच्या पोराने केलं, रंगीत पेनांनी, चौकटी आखून, आणि ते फ्रिजवर चिकटवलं. जर्मन मुलगी रोज नव्याने विचारायची, आज कोणाची पाळी? इकडे भारतीय मुलगी म्हणून भाचीला योगासनं आणि कॉम्प्युटरची दुरुस्ती येत असणार, असं बाकीच्यांनी धरून ठेवलेलं. पहिल्याच आठवड्यात तिने शीर्षासनाचा प्रयत्न केला आणि कोणाचा तरी लॅपटॉप पाडला. दोन्ही गैरसमज एका दमात मिटले.

भांडण मात्र शिकवण्यावरून झालंच नाही. झालं ते भांड्यांवरून. आमच्या भाचीची घरातली रीत अशी की, जेवलेलं ताट उचलून सिंकपर्यंत नेलं तरी ताई 'गुणाची ग माझी बाई' म्हणायची. हनोईत सिंकशी ठेवलेलं ताट सकाळी तिथेच दिसलं. दुसऱ्या दिवशीही दिसलं. तिसऱ्या दिवशी इजिप्तच्या मुलाने ते अत्यंत आदराने उचलून तिच्या उशाशी ठेवलं. त्याच्याही घरी तो ताट उचलत नसे, असं नंतर कळलं. त्याच्या उशाशी आदल्या आठवड्यात इंडोनेशियाच्या मुलीने कढई ठेवली होती. असा हा ज्ञानाचा प्रसार.

दुसरा पेच जेवणाचा. एकाला डुक्कर चालत नाही, एकीला गाय चालत नाही, एक जण मेलेलं काहीच खात नाही आणि तैवानच्या मुलीच्या घरी बौद्ध शाकाहार, त्यामुळे तिला कांदा-लसूणही चालत नाही. हे ऐकल्यावर आमच्या आईचे डोळे चमकले. "चातुर्मास पाळते?" तिने विचारलं, आणि लगेच, "लग्न ठरलंय का तिचं?" त्या मुलीबद्दल आई अजूनही चौकशी करते.

शिवाय तिथल्या स्वयंपाकात मिठाच्या जागी माशाचं पातळ सॉस पडतं. भाची शाकाहारी. पहिले काही दिवस ती नुसता भात आणि मेतकूट खात होती. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्या दिवसापासून एक वाटी सॉस न घातलेली भाजी वेगळी काढलेली असायची. मदत करायला आपली पोरगी गेली होती. सांभाळून तिला त्या बाई घेत होत्या. सर्टिफिकेट भाचीला मिळालं. बाईंच्या नावाचं काही छापलेलं नव्हतं.

एका रात्री, आमच्याकडे साडेनऊ आणि तिकडे अकरा वाजता, फोन आला: "आई, वरण कसं करतात?" एकोणीस वर्षं रोज वरण खाल्लेल्या मुलीचा हा प्रश्न ऐकून ताईचा कंठ दाटून आला, आनंदाने की लाजेने ते तिने सांगितलं नाही. सगळ्यांना चालेल असा पदार्थ हवा होता. डुक्कर नको, गाय नको, मासा नको, कांदा नको. जगातले सगळे नकार वजा केल्यावर खाली उरतं ते वरण-भात. हनोईच्या बाजारात साल काढलेली मुगाची डाळ मिळते, हळदही मिळते. हिंग आमच्या डबीतलं. ताईने फोनवरून शिट्ट्या मोजायला सांगितल्या; तिकडे कुकरच नव्हता. शेवटी घोटून घोटून झालं. इंडोनेशियाच्या मुलीने सोबत मिरचीचा सांबाल वाटला, त्यात आणि आपल्या ठेच्यात फक्त आडनावाचा फरक. सगळे जमिनीवर बसून हाताने जेवले. जर्मन मुलीने कोपरापर्यंत हात भरवून घेतला. स्वयंपाकाच्या बाईंनाही खाली बसवलं आणि त्या दिवशी त्यांना कोणीतरी वाढलं.

इंग्रजीचं काय झालं, असं भाऊजींनी हिशेबासाठी विचारलं. प्रगती समाधानकारक होती. त्या शाळेतली काही मुलं आता 'येस'च्या जागी 'हाव' म्हणतात, एवढाच दोष राहिला.

हे सगळं ऐकताना मला वरोरा आठवत होतं. नागपूरपासून दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या आसपास. बाबा आमट्यांनी तिथे आनंदवन उभं केलं, २१ जून १९५१ला विनोबांच्या हस्ते झाडाखाली उद्घाटन झालं. हे बाबा मूळचे जमीनदाराचे चिरंजीव. तरुणपणी मोटारीच्या सीटला बिबळ्याचं कातडं लावून फिरणारे. कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांनी त्या दगडाळ रानात विहीर खणली, भाजी पिकवली. वांगी चांगली आली. पण घेणार कोण? वरोऱ्याचं गिऱ्हाईक त्या वांग्याला हात लावायला तयार नव्हतं.

अशात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेची पोरं तिथे येऊन राहिली. पियेर सेरेझोल नावाच्या स्विस इंजिनिअरने १९२०मध्ये ही संस्था काढली. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं व्हर्दनजवळचं एक गाव जर्मन आणि फ्रेंच माणसांनी मिळून बांधावं, अशी कल्पना. ते शिबिर काही महिन्यांत गुंडाळावं लागलं, पण माणूस खचला नाही. १९३४च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येही येऊन राबला. त्याच्याच वाटेने १९५०च्या दशकात देशोदेशींची तरुण मुलं-मुली आनंदवनात आली. त्यांनी विटा वाहिल्या, इमारती बांधल्या. त्यांचं बांधकाम गवंड्याच्या नजरेने कसं होतं, मला माहीत नाही. पण दिवसभर राबून ही मंडळी आनंदवनाच्या माणसांसोबत जेवायला बसत आणि तिथलीच भाजी खात. वरोऱ्याच्या लोकांनी हे पाहिलं. साता समुद्रापलीकडून आलेले गोरे ही वांगी खातात आणि त्यांना काही होत नाही! हळूहळू गावात आनंदवनाची भाजी खपू लागली.

आता यात हसावं की रडावं? आपल्याच गावातलं वांगं आपल्या पोटात जायला स्वित्झर्लंडहून साक्षीदार यावा लागला. पण सगळी मेख तिथेच आहे. भिंत कोणीही बांधेल, मजुरी देऊन गवंडी पोरांपेक्षा सरळ बांधेल. इंग्रजीही बरं शिकवणारे मास्तर हनोईत असतीलच. बाहेरून आलेल्या पोराला जमतं ते एकच: जिथे गावातलं कोणी बसत नाही तिथे, काही ठाऊक नसल्यामुळे, बिनधास्त बसणं. आणि एकदा परक्या पंगतीत बसलेल्या माणसाला घरच्या पंगतीत कोण कोण बसत नाही, ते दिसायला लागतं. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो माझ्या मते एवढाच. बाकी सगळं, म्हणजे आत्मविश्वास, नेतृत्व, संवादकौशल्य, हे बायोडेटाचं सामान.

परदेशी पोरांनी वरोऱ्यात केलं तेच बाबांनी पुढे देशी पोरांकडूनही करवून घेतलं. १९६७ पासून आमच्याकडच्याच सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरू लागली. मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, शहरातली पोरं फावडं घेऊन. विदर्भातला मे ज्यांना माहीत आहे त्यांना मी वर्णन करून सांगत नाही आणि ज्यांना माहीत नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. पण या छावणीला व्हिसा लागत नाही, फारेनचा शिक्का नाही. सोमनाथला गेलो होतो, असं सांगितलं तर प्रतापनगरात लोक 'गुजरातचं दर्शन झालं का?' असं विचारतात.

भाची परतली. तिने स्वतःला शोधलं वगैरे काही सांगितलं नाही, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो. सामान उतरवल्यावर पहिली बातमी तिने ताईला दिली, ती अशी की लग्न झालेलं नाही. आईने तैवानच्या मुलीचा पत्ता आणला का विचारलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या मावशी आल्या. प्रतापनगरातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत एक कप खिडकीत ठेवलेला असतो. कान गेलेला, इतर कपांपासून हातभर दूर. तो तिथे का आहे हे कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही, आणि कामाला येणारी बाई तो न सांगता उचलते. भाचीने त्या दिवशी चहा ओतला तो सगळ्यांचा सारख्या कपांत, आणि मावशींसाठी टेबलाशी खुर्ची ओढली. ताई थिजली. भाऊजींनी पेपर चेहऱ्यासमोर धरला, उलटा. सगळ्यात जास्त अवघडल्या त्या मावशीच.

"काय करून रायली तू हे?" त्या म्हणाल्या. "बसतो मी. मले काय, पाय दुखूनच रायले. पन मंग भांडे कोन घासन?"

"मी घासते."

"तुले येते?"

"तिकडे रोज घासत होते."

मावशी खुर्चीत नीट टेकल्या, बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "मंग घास. बुडाले राख नीट लाव. आन् सावकाश कर, मले घाई नाही."

भाचीने घासली. मावशींनी तपासून दोन पातेली परत पाठवली. हिशेब तपासणाऱ्या भाऊजींना ही तपासणी पाहून प्रथमच त्या खर्चात काही अर्थ दिसला.

तेव्हापासून रविवारी मावशी येत नाहीत. त्यांची सुट्टी असते, पगार तोच. रविवारची भांडी भाची घासते, भाऊजी पुसतात आणि ताई ती फडताळात लावता लावता पुटपुटते, "एवढ्यासाठी व्हिसा कशाला काढला म्हणते मी!"